चेल्टनहॅमची संस्कृत अध्यापिका : पंडिता रमाबाईंची शिक्षकी कारकीर्द

१/
१८८४-८५ च्या सुमारास इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी एका नेमणुकीवरून पेच निर्माण झाला. मुलींच्या नामांकित कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या एका तरुण मराठी विधवेने काही पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा तेथील प्राचार्यांचा विचार होता. परपुरुषांना शिकवणाऱ्या विधवेला आक्षेप आला, यात नवल नाही. नवल हे की तो पुण्याच्या शास्त्रीमंडळींकडून नव्हे, तर लाहोर आणि मुंबई येथील अँग्लिकन बिशपांकडून आला. #धागा #इतिहास

२/
ती विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. शारदा सदनाच्या संस्थापिका, स्त्रियांच्या कैवारी आणि ‘धर्म बदललेल्या’ विदुषी या तीन ओळखींपलीकडे पाठ्यपुस्तके सहसा जात नाहीत. मात्र १८८३ ते १८८९ ही सहा वर्षे त्या इंग्लंड-अमेरिकेत विद्यार्थिनी आणि अध्यापिका या दोन्ही नात्यांनी शाळांमध्येच वावरत होत्या. पुढे मुंबई, पुणे आणि केडगाव येथे त्यांनी जे उभे केले, त्याची मुळे या सहा वर्षांत आहेत. त्यांच्यावर पुढे आलेल्या संकटांचीही.

३/
पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि पुढे तीर्थोतीर्थी पुराण सांगत कुटुंब भटकत राहिले. रमाबाईंना संस्कृत आईने शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या, तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती दगावले.

४/
वय २४, पदरी तान्ही मुलगी, आणि जवळ भांडवल म्हणावे तर फक्त संस्कृत. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्री-रुग्णांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, ही त्यांची मुख्य मागणी होती. सुशिक्षितांपैकी बहुसंख्य पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, हे त्यांनी आयोगापुढे उघड सांगितले.

५/
स्त्री-डॉक्टरांची मागणी करून त्या थांबल्या नाहीत, स्वतःच वैद्यक शिकायचे त्यांनी ठरवले. इंग्लंडच्या प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे कामी आले. १८८३ च्या उन्हाळ्यात मनोरमा आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह त्या निघाल्या. उतरल्या त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात. या मठाच्या भगिनी पुण्यात काम करीत असत, ओळख तेथलीच.

६/
वाँटेजला पहिल्याच काही महिन्यांत तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींनी पुढच्या आयुष्याची दिशा ठरवली. आनंदीबाईंनी मानसिक यातनांच्या भरात आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. आणि कानांनी दगा दिला. ऐकू कमी येते, या कारणाने वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला. डॉक्टर होण्यास निघालेल्या बाईला शिक्षिकेचे काम पत्करावे लागले, ते असे.

७/
बाप्तिस्म्याची बातमी महाराष्ट्रात पोचताच जे वादळ उठले, ते सर्वपरिचित आहे. त्या गदारोळात त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. ‘सत्सार’च्या १८८५ सालच्या अंकात त्यांनी रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले. सुधारक म्हणवणाऱ्या अनेकांना जे साधले नाही, ते फुल्यांनी केले, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

८/
१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. प्राचार्या होत्या डोरोथिया बील. १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षापासून, त्या या पदावर होत्या आणि १९०६ पर्यंत राहिल्या. मुलींना भरतकाम-पियानोपुरते न ठेवता गणित आणि विज्ञान शिकवावे, याचा इंग्लंडमध्ये आग्रह धरणाऱ्या पहिल्या पिढीतील या बाई. त्यांच्या कॉलेजात रमाबाई गणित, सृष्टिविज्ञान आणि इंग्रजी साहित्य शिकत आणि संस्कृत शिकवत. सकाळी विद्यार्थिनी, दुपारी प्राध्यापिका म्हटले तरी चालेल. (ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी माक्स म्युल्लर यांचीही भेट घेतली होती. संस्कृतात अस्खलित बोलणारी स्त्री पाहून तो थोर जर्मन पंडित प्रभावित झाला होता.)

९/
आता आरंभीच्या पेचाकडे. बीलबाईंना वाटले की संस्कृत शिकू इच्छिणारे तरुण पुरुषही या अध्यापिकेकडून शिकू शकतील. त्यातून रमाबाईंना स्वतःच्या पायावर उभे राहता आले असते. त्यांनी सल्ला विचारला आणि हिंदुस्थानातील बिशपांनी नकार कळवला. कारण असे की, रमाबाईंनी परपुरुषांना शिकवल्याचे हिंदुस्थानात कळले, तर त्यांच्या देशभगिनींमध्ये त्यांची प्रतिष्ठा राहणार नाही आणि परतल्यावर मिशनला त्यांचा उपयोग होणार नाही.

१०/
या युक्तिवादातील विसंगती रमाबाईंइतकी कोणालाच स्पष्ट दिसली नसेल. बालपणापासून त्यांनी पुरुषांच्या सभेत पुराण सांगितले होते, कलकत्त्याच्या पंडितसभेत वाद केला होता, पुण्यात व्याख्याने दिली होती. जी बंधने स्वदेशात त्यांच्या वडिलांनी मोडून टाकली, ती इंग्लंडमध्ये ‘हिंदुस्थानी रूढी’च्या नावाने परत लादली जात होती. त्यांनी बीलबाईंना आणि वाँटेजच्या भगिनींना पत्रांतून ठणकावून कळवले की पुरुषांना शिकवण्यात त्यांना काही गैर वाटत नाही आणि मायदेशातील पुरोहितांच्या सत्तेतून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या सत्तेखाली जाण्यासाठी त्या येथे आलेल्या नाहीत.

११/
हा पत्रव्यवहार नुसत्या भांडणाचा दस्तऐवज म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. त्यात धर्मशास्त्राची खरी चर्चा आहे. त्रैक्याचा सिद्धांत, चमत्कार, चर्चच्या मतपत्रिका या सर्वांवर रमाबाईंनी प्रश्न विचारले. न्याय आणि वेदान्ताच्या परंपरेत वाढलेल्या मनाला ‘चर्च सांगते म्हणून’ हे प्रमाण पुरेसे नव्हते. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटे. त्यांना आज्ञापालन हवे होते. बीलबाईंचे मत वेगळे पडले. जिचे मन प्रश्न विचारते तिला उत्तरे द्यावीत, गप्प बसवू नये, हे त्या जाणत होत्या. एकाच चर्चमधील दोन स्त्रिया. एक मठवासिनी, दुसरी शिक्षिका. फरक व्यवसायाचा होता, असे म्हणण्याचा मोह होतो.

१२/
वाद क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरूनही होत. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्यापेक्षा संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. लॅटिन ही काही येशूची भाषा नव्हती, आणि आपल्या लोकांना ती कळतही नाही. भगिनींना हा हट्ट वाटला. धर्म स्वीकारला म्हणजे इंग्रजी रीतिरिवाज स्वीकारले असे होत नाही, ही भूमिका मिशनच्या वर्तुळात रुळायला पुढची कित्येक दशके जायची होती.

१३/
१८८६ च्या फेब्रुवारीत त्यांनी इंग्लंड सोडले. निमित्त आनंदाचे होते. त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर होणार होत्या. समारंभाचे निमंत्रण डीन रेचेल बॉडली यांनी धाडले होते. रमाबाईंना जे व्हायचे होते, ते झालेली मराठी स्त्री व्यासपीठावर होती आणि त्या प्रेक्षकांत. त्या क्षणी त्यांच्या मनात काय असेल, याबद्दल तर्क न केलेला बरा. वर्षभरातच, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई पुण्यात वारल्या.

१४/
काही महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्याचे मुख्य कारण म्हणजे किंडरगार्टन. फ्रेडरिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० च्या सुमारास मांडलेली ही पद्धती तेव्हा अमेरिकेत जोरात होती. मुलाने बसून घोकायचे नाही. चेंडू, ठोकळे, कागद, माती हाताळत, गात, बागेत वावरत शिकायचे. रमाबाईंनी फिलाडेल्फियात या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेतले.

१५/
येथे थोडे थांबायला हवे. ज्या बाईचे स्वतःचे शिक्षण संपूर्णपणे पाठांतराचे, आईच्या मांडीवर पहाटे श्लोक घोकून झालेले, आणि जिची सारी कीर्ती त्या पाठांतरावर उभी, तिने पाठांतराच्या नेमक्या विरुद्ध टोकाची पद्धती निवडली. स्वतःला जे लाभले तेच इतरांना द्यावे, असे बहुतेक शिक्षकांना वाटते. रमाबाईंना ते वाटले नाही. विधवा म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या, वयाने दहा-बारा वर्षांच्या मुलींना आधी हातपाय हलवायला, हसायला, वस्तूला स्पर्श करायला शिकवावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी फ्रोबेलच्या धर्तीवर मराठी वाचनपुस्तके लिहायला घेतली आणि त्यांसाठी चित्रेही तयार करवून घेतली.

१६/
याच काळात त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. प्रस्तावना बॉडलीबाईंची. हजारो प्रती खपल्या. गावोगावी ‘रमाबाई सर्कल्स’ निघाली आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. अध्यक्ष युनिटेरियन धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल, उपाध्यक्षांत मद्यपानबंदी चळवळीच्या फ्रान्सिस विलार्ड. दहा वर्षे शाळेचा खर्च चालवण्याची हमी मिळाली. अट अशी की शाळेत कोणत्याही पंथाचा प्रचार होणार नाही, उच्चवर्णीय विधवांना आपले आचार पाळता येतील.

१७/
ही अट त्यांनी नाइलाजाने मान्य केली, असे मानण्याचे कारण नाही. चेल्टनहॅमच्या अनुभवानंतर कोणावरही धर्म लादणे त्यांना स्वभावतःच रुचणारे नव्हते. मात्र ‘लादणे नाही’ याचा अर्थ ‘लपवणे’ असा त्यांनी कधी घेतला नव्हता. या दोन शब्दांमधील अंतर पुढे चार वर्षांत फार महाग पडले.

१८/
जपान व हाँगकाँगमार्गे त्या १८८९ च्या आरंभी मुंबईत पोचल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. सभेचे अध्यक्षपद स्त्रीकडे असणे तेव्हा अपूर्व होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही तरुण विधवा होती. सासरी केशवपन झालेल्या या मुलीला तिच्या भावाने, नरहरपंत जोशी यांनी, येथे आणले. सदनात तिला अक्षरओळख झाली, केस पुन्हा वाढले. याच गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. पुढच्या पिढ्यांनी त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखले.

१९/
१८९० मध्ये सदन पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार. वर्ग चालत, किंडरगार्टनचे शिक्षण दिले जाई, बाग होती, वाचनालय होते. त्यात हिंदू धर्मग्रंथही ठेवलेले असत. कुरकुर सुरू झाली ती एका दारावरून. रमाबाई रोज पहाटे मनोरमेसह आपल्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते, कोणी हाकललेही नाही.

२०/
‘केसरी’ने सदनावर टीकेची झोड उठवली. टिळकांचा मुद्दा असा की अमेरिकन पैशावर चाललेली ही शाळा धर्मनिरपेक्षतेच्या बुरख्याआड धर्मांतराचे काम करते. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि बोस्टनला तसे कळवले. सुमारे २५ मुलींना पालकांनी काढून नेले. बोस्टनच्या मंडळींनी चौकशी केली आणि त्या रमाबाईंच्या पाठीशी राहिल्या.

२१/
या प्रकरणात टिळकांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. रानडे आणि भांडारकर यांची अडचण मात्र गांभीर्याने घ्यावी लागते. ते स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते. आपल्या शब्दावर विसंबून पालकांनी मुली धाडल्या, तो शब्द मोडला जातो आहे, अशी त्यांची भावना होती. घरी परतण्याची सोय नसलेली, आपल्याला माणसासारखे वागवणाऱ्या एकाच बाईवर जीव टाकणारी बारा वर्षांची मुलगी त्या बाईच्या प्रार्थनेला जाऊन बसते, तेव्हा त्याला स्वेच्छा म्हणावे का? उलट, रमाबाईंचा प्रश्नही तितकाच रोकडा होता. मुलीला स्वतःच्या बुद्धीने विचार करायला शिकवायचे आणि एका दारापाशी आल्यावर मात्र विचार करू नको म्हणायचे, हे शिक्षण कसले? चेल्टनहॅमला त्यांनी स्वतःसाठी जो हक्क मागितला, तोच त्या विद्यार्थिनींना देत होत्या, असे म्हणता येईल. फरक एवढाच की चेल्टनहॅमला दुबळी बाजू त्यांची होती, पुण्यात अधिकार त्यांच्या हाती होता. हा फरक त्यांनी पुरता लक्षात घेतला असे दिसत नाही.

२२/
घरी नेलेल्या मुलींचे काय झाले, हा या वादात सर्वांत कमी विचारला गेलेला प्रश्न. वर्तमानपत्रांचे स्तंभ धर्माच्या चर्चेने भरले, पण पुन्हा त्याच माजघरात, त्याच आलवणात गेलेल्या त्या मुलींची नावेही सहसा सापडत नाहीत.

२३/
पुढचा टप्पा वेगळाच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर वस्ती उभी राहिली. दहा वर्षांची अमेरिकन हमी १८९८ मध्ये संपली, तिच्याबरोबर ती अटही संपली. ‘मुक्ती’ हे उघडपणे ख्रिस्ती मिशन झाले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

२४/
शारदा सदनात मूठभर ब्राह्मण विधवा होत्या. मुक्तीत सर्व जातींच्या, अनाथ, अंध, वृद्ध, फसवलेल्या स्त्रिया आल्या. अभ्यासक्रमही बदलला. लिहिण्यावाचण्यासह विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, शिवण आणि छापखाना. ‘शिकून शिक्षिका व्हा’ हा एकच मार्ग दोन हजार जणींना पुरणार नव्हता, हे वास्तव त्यांनी स्वीकारले. टीकाकार म्हणतात की दुष्काळात भुकेल्यांना आश्रय देऊन धर्म देणे ही बरोबरीची देवघेव नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. त्या दुष्काळात त्यांना दारात घेणारे दुसरे कोण होते, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त आहे.

२५/
आणि मनोरमा? वाँटेजच्या भगिनींच्या हाती वाढलेली, इंग्लंड आणि अमेरिकेत शिकलेली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर. तिने शारदा सदनाचे मुख्याध्यापकपद सांभाळले, ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचायला शिकवले आणि निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे शाळा काढण्यात पुढाकार घेतला. आंतरराष्ट्रीय शिक्षण हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात, त्या अर्थाने ते घेतलेल्या पहिल्या मराठी मुलींपैकी ती एक. आईच्या छायेत तिचे नाव झाकले गेले, स्वतंत्र चरित्राची ती खरोखर हकदार आहे.

२६/
अखेरची पंधरा-सोळा वर्षे रमाबाईंनी एका भाषांतराला दिली. मराठी बायबल होते, पण ते पंडिती वळणाचे आणि अर्धशिक्षित बायकांना न कळणारे, असे त्यांचे मत. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून सोप्या मराठीत नवे भाषांतर. संस्कृतच्या या प्राध्यापिकेने संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याचा कटाक्ष ठेवला. आपल्या ग्रंथांतील देवविषयक शब्दांच्या छटा वेदान्तातून आल्या आहेत, त्या येथे अपुऱ्या किंवा दिशाभूल करणाऱ्या ठरतील, अशीही त्यांची धारणा होती. भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तेथे शिकलेल्या बायकांनी खिळे जुळवून छापले.

२७/
१९२१ च्या जुलैत मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. आईने उत्तराधिकारी म्हणून तिचेच नाव ठरवले होते. त्यानंतर रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम त्यांच्या हातून पूर्ण झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन केडगावात आजही सुरू आहे.